तीन दिवसांचं सुतक

माझे वडील गेले तेव्हा मला सुतक तीन दिवसांचं होतं. लग्न झालेल्या मुलीला तेवढंच असतं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती मोकळी. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं सासरच्या भावकीतले एक वयस्कर गृहस्थ डोंबिवलीला वारले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं लहानपणी कुणाच्या तरी मुंजीत पाहिलं असावं, पण तेही त्याला खात्रीनं सांगता येईना. तरी ते सात पिढ्यांच्या आतले, म्हणून आम्हांला दहा दिवसांचं सुतक. आणि त्या दहा दिवसांत चतुर्थी आली.

कोकणातल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. आमचा पाट आषाढातच गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याकडे, गेला होता. मूर्तीचे डोळे तेवढे रंगवायचे राहिले होते. दीर आणि नणंदा रेल्वेची तिकिटं काढून बसले होते. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, माटवी, माळ्यावरून खाली काढून, पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती. एक फोन आला आणि सगळं होतं तिथं थांबलं. सासूबाई ओटीवर पाय पसरून बसल्या आणि रडायला लागल्या. डोंबिवलीच्या गृहस्थांचं नाव त्यांच्या तोंडी एकदाही आलं नाही. त्या रडत होत्या ते घरात गणपती बसणार नाही म्हणून.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा धडा आला की नात्यांचं एक साधं गणित फळ्यावर मांडते. आईबापांशी आपलं नातं निम्मं, सख्ख्या भावंडांशी सरासरीनं निम्मं, मामा-काका-आत्या-मावशीशी पाव, सख्ख्या चुलत भावंडांशी आठवा हिस्सा. पुढे प्रत्येक पायरीला हा आकडा चौपट लहान होतो. चुलत-चुलत भावाशी बत्तिसावा, त्याच्या पलीकडे १२८ भागांत १. स्वतःला धरून सातव्या पुरुषाला मूळपुरुष एक निघत असेल तर दोन भाऊबंदांमधलं नातं २०४८ भागांत १. गणपतीविना गेलेल्या त्या रिकाम्या दिवसांत मी पंचांगाची मागची पानं उघडली, जिथं अशौचाचा निर्णय दिलेला असतो, आणि पेन्सिलीनं प्रत्येक नात्यापुढे हा अपूर्णांक लिहीत गेले. मामा पाव भाग, सुतक दीड दिवस. वडील निम्मे, मला तीन दिवस. सात पिढ्यांतला भाऊबंद २०४८ भागांत १, दहा दिवस. आणि डोंबिवलीच्या गृहस्थांशी माझं स्वतःचं नातं, रक्ताच्या हिशेबात, शून्य. दहा दिवस.

हे सगळं मला हॅमिल्टनमुळे खुपत होतं. विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १९६४ साली एक लेख दोन भागांत छापला. डार्विनला छळणारा एक प्रश्न त्यात बऱ्याच अंशी सुटला. जगण्याच्या झगड्यात जर जो तो आपलं बघणार असेल, तर एक जीव दुसऱ्यासाठी झीज का सोसतो? हॅमिल्टनचं उत्तर असं, की नातलगाच्या अंगात आपल्याच जनुकांच्या प्रती असतात. झीज जितकी, त्यापेक्षा नातलगाला होणारा फायदा गुणिले नात्याचा अंश जास्त भरत असेल, तर तशी झीज सोसण्याची वृत्ती पिढ्यान् पिढ्या टिकते. ही कल्पना गमतीनं आधीच मांडणारा माणूस आपल्याकडचाच म्हणायला हवा. आनुवंशिकतेचे अभ्यासक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ सालीच भुवनेश्वरला वारले. भावासाठी जीव द्याल का, असं कुणी विचारल्यावर ते म्हणाले होते म्हणतात, की एका भावासाठी नाही देणार, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन.

आठ चुलत भावांसाठी जीव! हे वाक्य मी आमच्या वाडीत कुणाला ऐकवलेलं नाही. आमच्याकडे आठ चुलत भाऊ एका सातबाऱ्यावर असले तर काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. तिकडे येतेच.

कुणी म्हणेल, सुतक म्हणजे दुःख नाही. सुतक ही रीत आहे. भावनेचा न्याय रीतीला लावू नये. अगदी बरोबर. त्या दहा दिवसांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि वडिलांच्या चौथ्या दिवशी मोकळी झाले म्हणून मी काही मोकळी झाले नव्हते. मग काय, रीत भटजींची आणि दुःख हॅमिल्टनचं, अशी वाटणी करून टाकावी का? काही महिने माझं तसंच मत होतं. मोठं सोयीचं मत होतं.

मग मोठ्या जाऊबाई गेल्या.

जावा म्हणजे दोन परक्या घरांतून आलेल्या बायका. दोघींमध्ये रक्ताचा थेंब सामायिक नाही. त्यांची आणि माझी मुलं चुलत भावंडं, एवढाच काय तो दुवा. मी लग्न होऊन आले ती मालवणाकडची, बोलणं मालवणी, नारळ खवण्यापासून सगळं थोडं वेगळं. पहिल्या मे महिन्यात त्यांनी मला रातांबे फोडायला बसवलं. खळ्यात दोन पाट समोरासमोर, मधे रातांब्यांची रास. एक सुरी त्यांना, एक मला. रातांबा मधोमध कापायचा, बिया आणि गर एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. तासाभरात हात मनगटापर्यंत लाल. भांड्याच्या तळाशी साठलेल्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. मी पहिल्याच दिवशी मीठ विचारून विचारून घालत होते. त्या म्हणाल्या, "विचारू नकोस गं, बोट घालून बघ." पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघी तशा बसलो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला न्हाऊ घालणारी बाई त्यांनी ठरवली होती आणि ती आली नाही तर स्वतः पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या. आमची भांडणंही झाली. एकदा आगळाच्या बाटल्यांवरून आम्ही चार दिवस बोललो नव्हतो. त्या गेल्या तेव्हा माझं जे झालं ते वडिलांच्या वेळी झालं त्याहून कमी नव्हतं. उलट रोजच्या रोज होत राहिलं, कारण वडील दुसऱ्या तालुक्यात होते आणि या चुलीपाशी.

हॅमिल्टनच्या सूत्रात जाऊबाई कुठे बसवायच्या?

याचं उत्तर उत्क्रांतीवाल्यांकडे आहे आणि ते चांगलं आहे. माणसाला समोरच्याचं रक्त दिसत नाही. त्यामुळे निसर्गानं आपल्याला नातं मोजण्याचं यंत्र दिलेलं नाही, काही ठोकताळे दिले आहेत. ज्या बाळाला आईनं तुझ्यासमोर पाजलं, ते तुझं भावंड. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलास, एका पांघरुणात झोपलास, तो तुझा. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या अभ्यासकानं १८९१ मध्येच मांडलं होतं, की लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना एकमेकांशी लग्न करावंसं वाटत नाही, मग ते भावंडं असोत वा नसोत. पुढे इस्राएलमधल्या किबुट्झांत, म्हणजे सामुदायिक वसाहतींत, एका पाळणाघरात वाढलेल्या मुलांच्या बाबतीत तेच दिसलं. लाखो वर्षं माणसं लहान टोळ्यांत राहिली, जवळ राहणारा बहुधा नात्यातला निघायचा, त्यामुळे सहवास हा ठोकताळा पुरेसा होता. आता तोच ठोकताळा माझ्यावर चालला आणि एका परक्या घरातल्या बाईला माझी बहीण करून गेला.

हे स्पष्टीकरण मला पटतं. पण त्यात काय मान्य केलंय ते नीट बघा. प्रेम का आहे हे उत्क्रांती सांगते; कुणावर बसेल हे सहवास ठरवतो; आणि सहवास कुणाचा घडेल हे आमच्या घरात सून म्हणून कोण येणार, वेगळी चूल कधी मांडायची, दिराची नोकरी मुंबईला की गावात, अशा गोष्टींनी ठरतं. जाऊबाई माझ्या आयुष्यात आल्या त्या लग्न जमवणाऱ्यांच्या कृपेनं. त्या वाटेवर जनुकं कुठेच भेटत नाहीत.

आता चुलत भाऊ.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये चिऱ्यांचा गडगा आहे आणि गडग्यावर, अगदी मधोमध म्हणता येईल असा, एक कापा फणस आहे. शेजारचं घर म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या सख्ख्या चुलत भावाचं. फणस कुणाचा यावरून दावा लागलेला आहे. मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली, गडगा कुणी सरकवला यावर साक्षी झाल्या. त्या साक्षींच्या दिवशी दोन्ही घरची माणसं तालुक्याला एकाच एसटीनं गेली, कारण दुसरी गाडी नव्हती. वकिलाला दिलेल्या पैशांत फणसाची बाग उभी राहिली असती हे दोन्ही घरांना कळतं. निकाल लागेपर्यंत फळाला कुणी हात लावायचा नाही असं ठरल्यामुळे फणस पिकतात, पडतात आणि माकडं खातात.

रक्ताचं नातं माणसाला माया शिकवतं, हे भाषण मी भाऊबंदकीच्या गावात राहून कसं करू? पण नात्याचा हिशेब पुढे नेला तर त्याचंही उत्तर निघतं, आणि ते उंबराच्या जातीच्या झाडांवर राहणाऱ्या किड्यांकडून आलं आहे. या झाडांच्या फळांत चिमुकल्या गांधीलमाश्या जन्मतात. त्यांतल्या काही जातींच्या नरांना पंख नसतात, जबडे मात्र दणकट असतात. ज्या फळात जन्मले तिथेच ते माद्यांसाठी लढतात आणि एकमेकांना मारतात. त्यांतले कित्येक सख्खे भाऊ. नातं जवळचं तिथं मारामारी कमी असायला हवी होती. स्टुअर्ट वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वेगवेगळ्या जाती तपासल्या तेव्हा तसं काही दिसलं नाही. मारामारी किती होणार हे माद्या किती कमी आहेत यावर ठरत होतं. कारण उघड आहे. ज्याच्याशी नातं, स्पर्धाही त्याच्याशीच. भावाचं राखून जे मिळवायचं, ते दुसऱ्या भावाचंच जाणार असतं. बाहेर पडायला वाट नसली की नात्यानं आलेली माया आणि नात्यानं आलेली चढाओढ एकमेकींना खाऊन टाकतात.

कोकणातली जमीन हे ते फळ, असं लिहायचा मोह होतो. मी आवरते, कारण माणसाला मुंबईला जाता येतं आणि आमच्याकडचा निम्मा तालुका गेलेलाही आहे. मुंबईला गेलेले भाऊबंद गडग्यावरून जास्त जोरात भांडतात, हे मात्र कुठल्याच गांधीलमाशीत बसत नाही. आणि आणखी एक. शेजारच्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्री दीडला आमच्या घरची गाडी निघाली. माझा नवरा त्यांना घेऊन रत्नागिरीला गेला, सकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसला. ते बरे होऊन आले. पुढच्या तारखेला दोघंही कोर्टात हजर होते, समोरासमोर. कुणी कुणाकडे बघितलं नाही. यात विसंगती आहे असं वाडीत कुणालाही वाटलं नाही.

दाव्याच्या त्या फणसावरच मी ती माकडीण पाहिली. लाल तोंडाच्या माकडांची टोळी उन्हाळ्यात रोज येते. तिच्या हातात पिल्लू होतं आणि ते मेलेलं होतं, बरेच दिवसांपूर्वी मेलेलं असणार, कारण सुकून चामड्यासारखं झालं होतं आणि शेपूट दोरीसारखी लोंबत होती. ती खाली पडलेल्या फणसापाशी आली. पिल्लू शेजारी ठेवलं, नीट, पाठ खाली करून. दोन्ही हातांनी गरे काढून खाल्ले. माश्या बसल्या तेव्हा खाता खाता एका हातानं पिल्लावरून हात फिरवला. शेजारच्या पोरानं सुतळी बॉम्ब लावला. टोळी उधळली, तीही उधळली, पण आधी वळून पिल्लू उचललं आणि तीन पायांवर पळाली.

हे वागणं अनेक जातींच्या माकडांत नोंदलेलं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ऑर्का जातीच्या देवमाशाच्या एका मादीनं आपलं मेलेलं पिल्लू १७ दिवस पाण्यावर तोलून धरलं होतं, तेही जगभर गाजलं. स्पष्टीकरणं दोन-तीन आहेत. निपचित पडलेलं पिल्लू कधी कधी शुद्धीवर येतं. लवकर टाकून देणारी आई जिवंत पिल्लू गमावते, उशिरा टाकणारी फक्त थोडी दमते. म्हणून धरून ठेवणारी टिकली. किंवा असं, की पिल्लाला चिकटून राहण्याची ओढ इतकी बळकट घडली आहे की पिल्लू मेलं तरी ती लगेच बंद पडत नाही. या दुसऱ्या मताप्रमाणे शोकाचा स्वतःचा असा काही उपयोगच नाही. माया उपयोगाची आहे आणि शोक हा तिच्या पोटी येणारा खर्च आहे.

मला हे दुसरं मत जास्त खरं वाटतं, आणि त्याला खुद्द डार्विनचा आधार सापडतो. डार्विनची बायको एमा ही त्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे याचं कुणाला नवल वाटणार नाही, पण जवळच्या नात्यातल्या लग्नाचा मुलांच्या प्रकृतीवर परिणाम होतो का या काळजीनं त्याला आयुष्यभर पोखरलं. त्यांची ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची होऊन गेली. आठवडाभरानं त्यानं तिच्याविषयी काही पानं लिहून काढली, छापायला नव्हे, स्वतःला विसर पडू नये म्हणून. एकवीस वर्षांनी, १८७२ मध्ये, माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर त्याचं पुस्तक आलं. त्यात रडण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. तो म्हणतो, तान्हं मूल किंचाळतं तेव्हा डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, त्या दाबानं अश्रुग्रंथी पाझरते, आणि पुढे सवयीनं ती किंचाळण्याशिवायही पाझरू लागते. अश्रू हे आनुषंगिक. डोळ्याला मार लागल्यावर पाणी यावं, तितकेच निरुद्देश. रडून हलकं वाटतं हे त्याला मान्य होतं, पण त्यासाठी अश्रू घडले असं तो म्हणत नाही. पोरीसाठी रडलेल्या बापानं रडण्याला उगाच काही थोर हेतू चिकटवला नाही, याचा मला फार आदर वाटतो. अश्रूंचं त्याचं हे स्पष्टीकरण आज जसंच्या तसं कुणी धरत नाही, पण वृत्ती धरण्यासारखी आहे.

कारण या विषयात हेतू चिकटवणं अतिशय सोपं आहे. आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी हा खेळ चालतो. कुणी काहीही विचारायचं आणि उत्क्रांतीचं उत्तर बनवून द्यायचं. दशावतारात संकासुर आला की मोठी माणसंही का खिदळतात? भीतीचा सराव. लग्नात नवरीची आई का रडते? गुंतवणूक हातची गेली. मत्सर का? वंश राखायला. उदारपणा का? नाव होऊन वंश राखायला. एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या दोन्ही गोष्टींना तेच उत्तर चालतं. आमच्या गावात घडणाऱ्या बऱ्यावाईट सगळ्याच गोष्टींना राखणदाराचं, गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तीचं, कारण लागू पडतं, आणि तिथं मी हसते. मग इथं का नाही? स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवाँटिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं. उतरतं कौलारू छप्पर बांधलं की त्याच्या पोटात माळा आपोआप तयार होतो. आम्ही तिथं माटवी ठेवतो, पण माळा माटवीसाठी बांधलेला नाही. त्यांनी दाखला दिला होता व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये कमानींच्या मधे आपोआप उरणाऱ्या त्रिकोणी जागांचा, मुद्दा हाच.

मग विश्वास कशावर ठेवायचा? जे स्पष्टीकरण काही गोष्टींना "हे होणार नाही" असं ठणकावून सांगतं, त्यावर. आमच्या कातळावर फुरशी भरपूर. पोरांना आम्हांला सापाचं भय मुद्दाम शिकवावं लागत नाही, एकदा मोठ्यांना दचकताना पाहिलं की झालं. हे उपजत की शिकलेलं? सूझन मिनेका आणि मायकेल कुक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढलेली, साप कधीच न पाहिलेली माकडं घेतली. त्यांना सापाचं भय नव्हतं. दुसरं माकड सापाला घाबरतंय अशी चित्रफीत दाखवल्यावर ती घाबरायला शिकली. मग चित्रफितीत फेरफार करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं. फुलाचं भय माकडांनी घेतलं नाही. भय उपजत नाही, पण ते कशाचं चटकन शिकता येईल याची आखणी उपजत आहे. या उत्तराला मी मान देते. फुलानं ते खोटं पडू शकलं असतं, पडलं नाही. आणि याच सापाला नागपंचमीला लाह्या-दूध ठेवायचं, हे त्या आखणीच्या बाहेरचं आहे, ते आमचं आहे.

काही बाबतींत मात्र मी सध्या कुणाचंच उत्तर घेत नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सुरू होतो, आणि सड्यावर कातळशिल्पं आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या या शिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलं. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगाच्या आत इतर प्राण्यांची चित्रं कोरलेली आहेत. काही ठिकाणी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही. ज्यांनी हे कोरलं त्यांना चिऱ्याच्या कातळावर दगडानं ठोकत बसायला किती दिवस लागले असतील! मे महिन्यात त्या सड्यावर अनवाणी दहा पावलं टाकून बघा, म्हणजे कळेल. जमिनीवर उभं राहून अख्खा हत्ती नजरेत मावत नाही. पोरांना शिकार शिकवायला, टोळी एकजीव राहावी म्हणून, कोरणाऱ्याचं वजन वाढावं म्हणून, ही सगळी कारणं लावता येतात. कुठलंही कारण लावा, हत्ती काही हरकत घेत नाही. माझी तक्रार हीच आहे.

गेल्या वर्षी बारावीच्या मुलांना मी सुट्टीत एक काम दिलं. घरी विचारून सुतकाची यादी करायची: कुणाचं किती दिवस. समोर नात्याचा अपूर्णांक लिहायचा. मुलं निरनिराळ्या समाजांतली, त्यामुळे दिवसांचे आकडे निरनिराळे आले. कुणाकडे सगळ्यांना सारखेच, कुणाकडे सुतकच नाही. ज्यांच्याकडे यादी होती त्यांच्यात मात्र आकडे आणि अपूर्णांक कुठेच जुळेनात, आणि वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं वही उघडी ठेवून शांतपणे सांगितलं, "मॅडम, जमिनीशी जुळतंय." तिच्या घरी तेव्हा वारस नोंदीचं काम चालू होतं. तिनं सातबाऱ्यावरची नावं सुतकाच्या यादीशेजारी लिहून काढली होती. ज्यांची नावं उताऱ्यावर येऊ शकतात त्यांना दहा दिवस, जी नावं लग्नानंतर उताऱ्यावरून जातात त्यांना तीन, मामा उताऱ्यावर कधीच नव्हता, त्याला दीड.

मी खडू हातात घेऊन उभी राहिले. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे. वडिलांच्या मागून मी भावांना हक्कसोड लिहून दिली होती, न मागता. का दिली याला मी आत्तापर्यंत "माया" हे उत्तर देत आले होते. हॅमिल्टन त्यावर खूश झाला असता. तो उतारा बघितल्यावर वाटलं, तीन दिवसांत मोकळी झालेली मुलगी दुसरं काय करते? माया होती, अजून आहे. पण सहीसाठी पेन कुणी पुढे केलं त्याची चौकशी जीवशास्त्राकडे करण्यात अर्थ नाही. ती तलाठी कचेरीत आणि आजीच्या आजीच्या माजघरात करायला हवी.

या सुतकाच्या कामावरून गावात थोडी कुजबुज झालीच. जीवशास्त्राच्या बाई पोरांकडून सुतक काय लिहून घेतात, असं एक-दोघांनी विचारलं. एके दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील कॉलेजात आले. हातात मुलाची वही होती. मी तयारीतच होते. त्यांनी वही टेबलावर उघडली आणि १२८ भागांत १ या आकड्यावर बोट ठेवलं. शेजारी त्यांच्या एका भाऊबंदाचं नाव होतं.

"हा आकडा बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बरोबर आहे.

"मग यावर कॉलेजचा शिक्का मारून द्या. पुढच्या महिन्यात तारीख आहे. तो माणूस जवळचा वारस म्हणून उभा राहिलाय."

कोर्टात वंशावळ चालते, अपूर्णांक चालत नाहीत, हे त्यांना समजावता समजावता माझा पुढचा तास बुडाला.